भांड्याचं लिक्विड, ॲसिड स्लरी आणि बोअरचं पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकान बेळगावात, गिऱ्हाईक खानापूरपासून अथणीपर्यंत. ॲसिड स्लरी आणि एसएलईएस (दोन्ही मळ काढणारे, प्रश्न २ बघा), कॉस्टिक सोडा असा साबण-लिक्विडचा कच्चा माल मी किलोवर विकतो. घेणाऱ्यांत बचत गटांच्या बायका जास्त, काही घरी लिक्विड करून गावात विकणारी पोरं, आणि काही नुसतेच चौकस. डब्यावर माहिती असते ती कन्नडमध्ये नाही तर इंग्रजीत, तीही मुंगीएवढ्या अक्षरात. मग फोन मला येतो. तेच ते प्रश्न इथं एकदाचे लिहून काढलेत. तक्रार मालाची म्हणून येते, पण बहुतेक वेळा खोट पाण्यात निघते. म्हणून प्रश्न ३ सगळ्यांनी वाचावा, बाकीचे लागतील तसे.

१. ॲनायॉनिक सर्फॅक्टंट म्हणजे नेमकं काय हो?

मळ सोडवणारा मूळ पदार्थ. त्याच्या रेणूला एक लांब शेपूट असते आणि एक छोटं डोकं. शेपटीला तेल-तूप आवडतं, डोक्याला पाणी. पाण्यात गेल्यावर ज्याच्या डोक्यावर ऋण विद्युतभार असतो तो ॲनायॉनिक, म्हणजे ऋणभारित.

काम असं होतं. शेपट्या ताटावरच्या तेलात घुसतात, डोकी बाहेर पाण्यात राहतात आणि तेलाचा बारीक थेंब सुटून येतो. त्या थेंबावर चहूबाजूंनी ऋणभार, शेजारच्या थेंबावरही तोच. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून थेंब परत एकत्र येत नाहीत. सोड्याच्या पाण्यात कापडाच्या धाग्यावरही ऋणभारच असतो, त्यामुळं सुटलेला मळ पुन्हा कापडावर बसायला धजत नाही. धुण्याच्या मालात हीच जात सगळ्यात जास्त वापरतात ती याच कारणानं, आणि स्वस्त पडते म्हणूनही.

शिवाय पाण्याचा पृष्ठताण उतरतो. शुद्ध पाण्याचा २५ अंशाला मीटरला ७२ मिलिन्यूटन असतो, तो निम्म्यावर येतो. पाणी कापडात चटकन मुरतं ते त्यामुळं.

२. साबण, स्लरी, एसएलएस, एसएलईएस हे एकच की वेगवेगळं?

भावकी एक, डोकी वेगळी. साबण म्हणजे तेल-चरबीतल्या आम्लांचा सोडियम क्षार, त्याचं डोकं कार्बोक्झिलेट. ॲसिड स्लरी हे पेट्रोलियमपासून केलेलं लिनिअर अल्किल बेंझीन सल्फॉनिक आम्ल. कॉस्टिक घालून ते मारलं, म्हणजे त्याचा आम्लपणा घालवला, की डिटर्जंट पावडरीतला मुख्य माल तयार होतो. एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट) आणि एसएलईएस (सोडियम लॉरिल ईथर सल्फेट) यांचं डोकं सल्फेटचं, शेपूट बहुधा खोबरेल किंवा पामच्या बियांच्या तेलातली. एसएलईएसमध्ये डोकं आणि शेपूट यांच्यामध्ये दोन-तीन जादा कड्या असतात. तेवढ्यानं तो हाताला सौम्य होतो आणि जड पाण्याला दाद देत नाही.

आपल्याकडं सर्फ आलं १९५९ साली. १९६९ मध्ये करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत घराच्या परसात निरमा करायला घेतलं. परसातली सुरुवात कमी लेखू नका, एवढंच गटातल्या बायकांना सांगतो.

३. माहेरी खानापूरला साबणाला केवढा फेस यायचा! इथं अथणीला वडी झिजते पण फेस नाही. साबण बदलू का?

साबणाचा दोष नाही, ताई. पाण्याचा आहे. खानापूरकडं घाटाचा पाऊस आणि तांबडी जांभ्याची जमीन, तिथलं पाणी मऊ. अथणी-रायबागकडं काळी जमीन, पाऊस थोडा आणि पाणी खोल बोअरचं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळलेलं. हेच जड पाणी, तुमच्याकडं कानडीत ‘सवळ नीर’ म्हणतात ते. कॅल्शियमचा भार धन आणि साबणाच्या डोक्याचा ऋण. दोघं गाठ मारून बसतात आणि न विरघळणारी चिकट साय होते. बादलीच्या कडेला राखाडी कडं दिसतं ते हेच. जोवर सगळा कॅल्शियम असा गुंतत नाही तोवर फेस धरतच नाही.

हिशेब करून दाखवतो, कारण त्याशिवाय कुणाला पटत नाही. जडपणा लिटरला ३०० मिलीग्रॅम धरा, बोअरला ही काही फार मोठी गोष्ट नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातच २०० ही इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० ही चालणारी मर्यादा आहे. ३०० जडपणाच्या एका लिटरला जवळजवळ १.८ ग्रॅम साबण नुसता साय होण्यात जातो. १५ लिटरची बादली म्हणजे २७ ग्रॅम. पाच-सहा बादल्यांत आख्खी वडी मोरीत, कपड्याला साबण लागायच्या आधीच.

त्याच बादलीतला जडपणा मारायला धुण्याचा सोडा लागतो पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा. सोडा आधी पाण्यात ढवळा, दहा मिनिटं थांबा, पांढुरका गाळ खाली बसू दे, मग साबण. रेशीम आणि लोकर सोडून सगळ्या कपड्यांना हे चालतं (रेशमासाठी प्रश्न १६).

४. पाणी जड आहे का हे घरी कसं ओळखायचं?

दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचं पाणी, दुसरीत तुमचं, दोन्ही निम्म्या. अंगाच्या साबणाचा किस चिमूट-चिमूट घालून सारखंच हलवा. पावसाच्या बाटलीत फेस उभा राहील आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ दिसेल. दुसरीत फेस बसला आणि पाणी ताकासारखं झालं तर पाणी जड. डिटर्जंट घालून ही परीक्षा करू नका, ते फसवतं. बेळगाव शहरात राकसकोप किंवा हिडकलचं नळाचं पाणी येतं तिथं फार त्रास नाही. त्याच गल्लीत बोअर मात्र वेगळंच बोलतं.

५. मग डिटर्जंटला जड पाण्याचा काहीच त्रास नाही का?

आहे, साबणाइतका नाही. स्लरीचा क्षारही (म्हणजे कॉस्टिकनं मारलेली स्लरी) कॅल्शियमशी गुंततो आणि पाणी गढूळ होतं. साय मात्र तेवढी चिकटत नाही. एसएलईएस यात सगळ्यात खमका. म्हणून पावडरीत स्लरीच्या जोडीला सोडा, झिओलाइट किंवा फॉस्फेट असं कॅल्शियम अडवणारं काहीतरी घालावं लागतं. फॉस्फेट कामाला उत्तम, पण तळ्यात गेलं की शेवाळ माजतं.

अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या गटांना माझा सल्ला ठरलेला : स्लरी थोडी कमी करा, एसएलईएस वाढवा, आणि लिक्विड करायला बोअरचं पाणी वापरूच नका. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं घ्या.

६. फेस जास्त तर सफाई जास्त, बरोबर ना?

नाही. फेस पाणी आणि हवेच्या सीमेवर तयार होतो, मळ निघतो तो भांड्यावर. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या पावडरीत फेस मुद्दाम कमी ठेवतात, तरी कपडे निघतात की! भांडी घासताना फेसाचा एकच खरा उपयोग. तो मरायला लागला की समजावं, तेल पाण्यात भरलं, आता लिक्विड नवं घ्यायचं.

पण गिऱ्हाईक फेस बघूनच बाटली उचलतं, हे मी विकणारा माणूस म्हणून नाकारत नाही.

७. एक किलो स्लरीला कॉस्टिक किती घालायचं?

९० टक्क्यांच्या स्लरीला किलोमागं साधारण १२० ते १५० ग्रॅम कॉस्टिकचे पापुद्रे. नेमका आकडा कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. प्रत्येक लॉटमध्ये मोकळं सल्फ्युरिक आम्ल कमी-जास्त असतं, आणि कॉस्टिक उघडं राहिलं की हवेतली ओल पिऊन वजनाला खोटं पडतं. खरा पंच म्हणजे पीएच पेपर, आम्ल की अल्कली ते रंगावरून दाखवणारा कागद. त्यावर ७ म्हणजे दोन्ही नाही.

प्लास्टिकच्या टबात पाणी घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं टाका. पाणी तापेल, निवू द्या. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतू नका, उसळून तोंडावर येतं. मग स्लरी बारीक धारेनं सोडा, लाकडी दांडक्यानं ढवळत. शेवटची थोडी स्लरी हाताशी ठेवा आणि पेपर बघत बघत ७ ते ८ वर थांबा. आम्ल राहिलं तर हात चावतात. कॉस्टिक जास्त झालं तरी चावतातच, फक्त बुळबुळीतपणामुळं आधी कळत नाही. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. अंगावर उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, हळद-तूप लावत बसू नका. डोळ्यात गेलं तर धुऊन लगेच दवाखाना.

कॉस्टिकऐवजी धुण्याचा सोडाही चालतो, वजनानं सव्वापटीहून थोडा जास्त लागतो. पण त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. माझ्या पहिल्या बॅचला मी बादली काठोकाठ भरून सोडा टाकला होता. फेस अंगण ओलांडून शेजाऱ्यांच्या तुळशीपर्यंत गेला. टब निम्मा रिकामा ठेवा.

८. एसएलईएसच्या गोळ्या होतात, विरघळतच नाहीत. माल भेसळीचा आहे का?

माल ठीक आहे, पद्धत उलटी झालीय. ७० टक्क्यांच्या पेस्टवर तुम्ही थोडं थोडं पाणी घालत असणार. साधारण ६० ते ३० टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात एसएलईएसची घट्ट खळ होते, आणि तुम्ही त्याच पट्ट्यात अडकून बसता. सगळं पाणी आधी घ्या, त्यात पेस्ट सोडा, हळू ढवळा, रात्रभर झाकून ठेवा. सकाळी आपोआप एकजीव झालेलं असतं. पाणी कोमट असेल तर लवकर.

९. मिठानं लिक्विड घट्ट झालं, अजून घातलं तर पाण्यासारखं झालं. आता?

मिठाची चढण असते, शिखर असतं आणि पलीकडं उतार. एसएलईएसचे रेणू पाण्यात पुंजके करून राहतात. मिठामुळं डोक्यांमधली ढकलाढकली कमी होते, गोल पुंजके लांब गांडुळासारखे होतात आणि एकमेकांत गुंततात. तोच घट्टपणा. मीठ आणखी वाढलं की गुंता सुटतो आणि सगळं पातळ. शिखर बहुधा एक ते तीन टक्क्यांच्या आसपास येतं, पण सुगंध आणि रंगानंही ते सरकतं.

पातळ झालेलं फेकू नका. बिनमिठाची थोडी बॅच करून त्यात मिसळा. पुढच्या वेळी आधी १०० मिलीत परीक्षा घ्या आणि मीठ पाण्यात विरघळवून घाला. नुसत्या स्लरीच्या लिक्विडला मीठ फारसं मानवत नाही, ते फाटतं.

१०. पावसाळ्यात नितळ असलेलं लिक्विड थंडीत दुधासारखं झालं. नासलं काय?

नासलं नाही, गारठलं. प्रत्येक ॲनायॉनिकचं एक तापमान असतं, त्याखाली तो नीट विरघळत नाही आणि बारीक सुया धरतो. त्याला क्राफ्ट तापमान म्हणतात. शुद्ध एसएलएसचं हे तापमान १६ अंशांच्या आसपास आहे, आणि आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा त्याखाली सहज जातो. उन्हात ठेवलं की नितळ होईल. एसएलईएसचं क्राफ्ट तापमान शून्याखाली असल्यानं त्याला हा त्रास नाही.

थंडीत लिक्विड फाटू नये म्हणून यूरिया घालतात हे खरं. पण शेतीच्या पोत्यातला अनुदानाचा यूरिया यासाठी वापरणं हा गुन्हा आहे. शिवाय २०१५ पासून तो सगळा कडुनिंबाचा लेप देऊनच येतो. लिक्विडला लिंबाऐवजी कडुलिंबाचा वास आला तर गिऱ्हाईक परत येत नाही.

आणि पाणी जड असेल तर बारा महिने गढूळच राहील. त्याला प्रश्न ५.

११. बाजारातल्या स्वस्त लिक्विडशी आमचं लिक्विड कसं ताडून बघू?

घट्टपणा बघू नका, तो मिठानं येतो. ॲक्टिव्ह काढा, म्हणजे मळ काढणारा खरा माल किती टक्के आहे ते. दहा लिटरमध्ये एक किलो ९० टक्क्यांची स्लरी म्हणजे ९०० ग्रॅम, अर्धा किलो ७० टक्क्यांचा एसएलईएस म्हणजे ३५० ग्रॅम. एकूण १,२५० ग्रॅम, म्हणजे साधारण साडेबारा टक्के. दुसऱ्याच्या लिक्विडचा आकडा कळत नसेल तर दोन वाट्यांत सारखं पाणी, सारखं लिक्विड घ्या आणि चमच्या-चमच्यानं तेल घालून हलवत राहा. ज्याचा फेस आधी मरेल तो हलका.

१२. शाम्पूतच कंडिशनर, पावडरीतच सॉफ्टनर घातलं तर वेळ वाचेल ना?

वेळ वाचेल, दोन्ही वाया जातील. कंडिशनर आणि कपड्यांचं सॉफ्टनर हे कॅटायॉनिक, म्हणजे धनभारित. ऋण आणि धन जोडीनं बसतात आणि गाळ होतो. मधे स्वच्छ पाण्यानं खळबळून घ्या. कंपन्यांच्या ‘टू-इन-वन’मध्ये वेगळे पदार्थ तोलून घातलेले असतात, ते घरच्या बादलीत जमत नाही.

याचा एक फायदा आहे. एखादी बाटली ॲनायॉनिक आहे का हे बघायचं असेल तर पाण्यात पातळ करून त्यात सॉफ्टनरचे चार थेंब टाका. लगेच दुधाळ झालं तर बहुधा ॲनायॉनिकच. जंतुनाशक म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइड (तेही धनभारितच) वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवा : फरशीवर साबणाचं पाणी राहिलं असेल तर त्याची ताकद मरते.

१३. काळं फिनाईल आमच्या पाण्यात टाकलं की दही फाटल्यासारखं होतं.

काळ्या फिनाईलमधलं डांबरी तेल पाण्यात धरून ठेवायला पूर्वापार राळेचा किंवा एरंडेलाचा साबण असतो. साबण म्हटला की जड पाण्यापुढं हरलाच. कारण प्रश्न ३ मधलंच, उपायही तोच.

१४. एसएलएसमुळं कॅन्सर होतो असा मेसेज आलाय.

होत नाही. एसएलएस कातडीला चुरचुरवतो हे मात्र खरं, इतकं की त्वचेच्या तपासण्यांत नमुना म्हणून चुरचुर उठवायला तोच वापरतात. इसबासारखे कातडीचे त्रास असणाऱ्यांनी एसएलईएसवालं सौम्य घ्यावं, लहान मुलांचे कपडे दोनदा खळबळावेत. दात घासल्यावर संत्रं कडू लागतं ना? टूथपेस्टमधला एसएलएस जिभेची गोडी ओळखायची ताकद काही मिनिटं दाबून टाकतो.

१५. उद्यमबागेत लेथवर कामाला आहे. हात पावडरीनं धुतो, तर आता भेगा पडल्यात.

पावडरीत सोडा भरपूर असतो, तो कातडीचं स्वतःचं तेलही ओढून नेतो. आधी कोरड्या हातावर चमचाभर खायचं तेल चोळा. ऑइल-ग्रीस त्यात सैल होतं. मग एसएलईएसचं लिक्विड आणि मूठभर लाकडाचा बारीक भुसा. शेवटी पाणी. निपाणीकडं तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या मावश्यांच्या हातावरच्या चिकट काळेपणालाही हेच, तेल आधी आणि पाणी शेवटी. ओल्या हातावर तेल लावलं तर काही उपयोग होत नाही.

१६. रेशमी आणि इरकली साड्यांना कुठलं वापरू?

शहापूर, वडगाव, खासबागच्या विणकरांच्या गल्लीत हे जास्त चांगलं कळेल, पण रसायन एवढंच. रेशीम हे प्रथिन आहे आणि सोडा-कॉस्टिक प्रथिनाला खातात. पीएच ७ च्या आसपासचं एसएलईएसचं लिक्विड, थंड मऊ पाणी, पिळायचं नाही. किंवा सरळ रिठा. रिठ्यातलं सॅपोनिन ॲनायॉनिक नाही, त्याच्या डोक्यावर भार नसतो, म्हणून जड पाण्यातही ते साय धरत नाही. आजीला रसायन माहीत नव्हतं, पण रेशमाला साबण लावू द्यायची नाही.

१७. कुंद्याची कढई लिक्विडनं निघतच नाही!

निघणार नाही, कारण तिच्यात तीन वेगळे मळ आहेत. तूप लिक्विडनं जातं. करपलेलं दूध म्हणजे प्रथिन आणि साखर, त्याला गरम पाण्यात सोडा घालून रात्रभर भिजवा. खाली पांढरा थर राहतो तो दुधातल्या कॅल्शियमचा, त्याला चिंच किंवा लिंबू. ॲल्युमिनियमच्या कढईत सोडा नको, काळी पडते.

पूर्वी राखेनं निघायची. राखेतला पोटॅशचा क्षार कढईतल्याच तुपाशी मिळून जागच्या जागी थोडा साबण करतो. म्हणजे चुलीशेजारीसुद्धा ॲनायॉनिकच काम करत होतं.

१८. धुण्याचं पाणी परसातल्या केळीला सोडलं तर? आणि गोबर गॅसमध्ये?

केळीला सोडताना जमीन बघा. मोकळ्या हवेच्या जमिनीत स्लरीचा क्षार जीवाणू खाऊन टाकतात, तो प्रश्न फार मोठा नाही. मागं राहतं ते सोडियम. खानापूरच्या तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत ते पावसानं वाहून जातं. अथणीच्या काळ्या चिकणमातीत मात्र साठतं, मातीची घडी मोडते, पाणी मुरेनासं होतं आणि वर पांढरं फुटतं. तिथं रोज एकाच जागी सोडू नका. पहिलं सोड्याचं पाणी मोरीत, नंतरचं खळबळलेलं केळीला.

गोबर गॅसमध्ये अजिबात नको. हवा नसलेल्या ठिकाणी हा क्षार नीट कुजत नाही, आणि जास्त झाला तर गॅस करणारे जीवाणूच मंदावतात.

१९. मार्कंडेय नदीत, मलप्रभेत कपडे धुतल्यानं खरंच काही बिघडतं का?

पावसाळ्यात वाहत्या पाण्यात चार बायकांच्या धुण्यानं फार नाही. उन्हाळ्यात डबकी उरतात तेव्हा बिघडतं. लिटरला काही मिलीग्रॅम इतकंच डिटर्जंट माशांच्या कल्ल्यांना पुरे होतं. पिण्याच्या पाण्यात आपल्या मानकानं ॲनायॉनिक डिटर्जंटची इष्ट मर्यादा लिटरला ०.२ मिलीग्रॅम आणि कमाल १ मिलीग्रॅम ठेवलीय.

सुरुवातीच्या डिटर्जंटची शेपूट फाटे फुटलेली असायची. जीवाणूंना ती चावता येत नसे, म्हणून युरोप-अमेरिकेत नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगायचे. पश्चिम जर्मनीनं १९६१ मध्ये कायदा केला, अमेरिकेतल्या कंपन्या १९६५ च्या सुमारास सरळ शेपटीवर आल्या. आजच्या स्लरीच्या नावातला ‘लिनिअर’ तिथून आलाय. पाटाच्या दगडावर बसून धुवायचंच असेल तर साबण लावणं काठापासून दूर मातीवर करा, खळबळायला तेवढं नदीत उतरा.

२०. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये एसएलईएस घालून घट्ट केलं, महिन्यात पातळ झालं. आणि ब्लीच मिसळलं तर?

सल्फेटचं डोकं तीव्र आम्लात हळूहळू तुटतं, आणि तुटताना आणखी आम्ल सुटत असल्यानं वेग वाढत जातो. स्लरीचं सल्फॉनेट डोकं आम्लात टिकतं, पण त्यानं घट्टपणा येत नाही. आम्लाच्या क्लीनरसाठी वेगळे घट्ट करणारे पदार्थ मिळतात, ते मागून घ्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोडून सांगतो : ॲसिड आणि ब्लीच एकत्र केलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात तो जीव घेऊ शकतो. न मारलेली स्लरीही आम्लच आहे, तिलाही हाच नियम. चुकून मिसळलंच तर बाटली सावरत बसू नका, श्वास रोखून आधी बाहेर या, दार उघडं टाका.